गेटाबाहेरचे माजी विद्यार्थी

(जालना एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. दोन-चार शिव्या तेवढ्या गाळल्या.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय आणि 'गोदी कामगार' गाळलंय. छापणाऱ्याला जागा पुरली नसेल असं मी आधी धरून चाललो. मग मोजून पाहिलं. जागा होती. तुमच्या नावांपुढं बी.ए., बी.कॉम., डिप्लोमा, एम.एस.डब्ल्यू. सगळं ऐसपैस बसलंय. माझ्या नावापुढं लिहिण्यासारखी एकच परीक्षा आहे. ती मीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या बाकावर कुजबुज नको. दहावी पास. पुढं काही नाही.

आणि मला विषय दिलाय, 'माजी विद्यार्थ्याची आपल्या कॉलेजच्या बिरादरीसाठी आयुष्यभराची सेवा'. म्हणजे ज्यानं कॉलेज आतून बघितलं नाही त्यानं कॉलेजच्या ऋणावर बोलायचं. ज्यानं कुणी हा विषय मला दिला तो एकतर फार हुशार माणूस आहे नाहीतर त्याला दुसरा वक्ता मिळाला नाही. काही का असेना, मी आलोय. रात्रभर एसटीनं आलोय, तेव्हा बोलणारच.

आधी माझी कुंडली सांगतो. आमचं गाव परतूरकडचं. तो भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, कारण जालना जिल्हा १९८१ च्या १ मे ला झाला. १९७२ च्या दुष्काळात आजा मुंबईला गेला, आजी आणि बाप गावात राहिले. बाप पुढं इथं जालन्याला आला आणि याच एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागला. लाल सळई चिमट्यानं धरून ओढायची. मी दहावी झालो तेव्हा बापानं एक खाडा केला आणि मला घेऊन एका कॉलेजच्या गेटावर गेला. कॉलेजचं नाव घेत नाही. जातीचा दाखला तहसीलातून आला नव्हता, तारीख उलटून गेली होती. खिडकीतला माणूस म्हणाला, पुढच्या वर्षी या. बाप त्याला 'बरं साहेब' म्हणाला. गेटाबाहेर येऊन आम्ही चहा घेतला. बापानं मला पहिल्यांदा अख्खा कप दिला. एरवी आम्ही कटिंग घ्यायचो. त्या अख्ख्या कपावरनं मला कळलं की पुढचं वर्ष काही येत नाही.

मग मी मामाकडं मुंबईला गेलो. मामा गोदीतला जुना माणूस. त्याच्या पिढीला डॉक लेबर बोर्डाचं कार्ड होतं, हजेरी होती, पेन्शन होती. ते बोर्ड पुढं बंद पडून पोर्ट ट्रस्टमध्ये गेलं. माझ्या पिढीला ठेकेदार आणि मुकादमाची बोटं. मुकादम बोट दाखवेल तो आज कामावर. तर तुमचं-माझं नातं कॉलेजचं नाही, लोखंडाचं आहे. बंदरात भंगार उतरतं. तुटकी यंत्रं, मोडके पाइप, परदेशातल्या गाड्यांचे सांगाडे. तेच पुढं तुमच्याकडं येतं, भट्टीत वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेटाची सळई होते. जालन्याची सळई म्हणून सगळ्या महाराष्ट्रात घरं उभी राहतात. आम्ही उतरवतो, तुम्ही वितळवता. मधे कुठंतरी पैसा होतो, तो ना गोदीत दिसतो ना या चंदनझिऱ्यात.

आता विषयावर येतो.

बिरादरी म्हणजे काय, हे विचारायचं तर आधी कॉलेज म्हणजे काय ते विचारावं लागेल. हा प्रश्न मी माझ्या मनानं काढलेला नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला मिलिंद नाव दिलं, परिसराला नागसेनवन म्हटलं. मिलिंद म्हणजे तो यवन राजा, आणि नागसेन म्हणजे त्याला वादात गप्प करणारा भिक्खू. त्यांचा संवाद पालीतल्या मिलिंदपञ्हात आहे. राजा विचारतो, नागसेन कोण? केस नागसेन आहेत का, नखं नागसेन आहेत का? भिक्खू उलट विचारतो, महाराज, तुम्ही रथातनं आलात, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही नाही म्हणत जातो. आणि त्याच संवादात अजून एक गंमत आहे. वाद सुरू व्हायच्या आधी नागसेन अट घालतो. पंडितासारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. कारण पंडित चुकला तर चूक कबूल करतो, राजा चुकला तर समोरच्याला शिक्षा करतो. मी पुढं जे बोलणार आहे ते तुमच्यापैकी काहींना झोंबेल. तेव्हा ही अट मीही घालून ठेवतो.

तर मग कॉलेज म्हणजे काय? दगडी इमारत कॉलेज का? ग्रंथालय? प्राचार्यांची खुर्ची? तुम्ही लोक जी कमान बांधायला निघालात ती?

मिलिंदचीच गोष्ट धरू, कारण आपल्या मराठवाड्यातल्या शिकलेल्या दलिताची गोष्ट तिथनंच सुरू होते. १९४५ च्या ८ जुलैला पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. मराठवाडा तेव्हा निजामाचा. औरंगाबादला इंटरपर्यंतचं एक सरकारी कॉलेज, बी.ए. व्हायचं तर हैदराबाद गाठायचं. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि दोनच वर्षांत, १९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी इथं कॉलेज उघडलं. १९५१ च्या १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून कोनशिला बसली. विद्यापीठ आलं त्यानंतर, १९५८ ला. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आमचं कॉलेज होतं. हे अजूनही पुष्कळांच्या घशाखाली उतरत नाही.

तिथं पोरं आली कुठनं? जालन्याकडनं, परभणीकडनं, बीडकडनं, विदर्भातनं. मीटरगेजच्या गाडीत बसून आली. बापानं बैल विकला नसेल, कारण बापाकडं बैल नव्हताच. एका पोरासाठी सगळा वाडा वर्गणी काढायचा. ज्या बायांनी दुसऱ्याच्या रानात खुरपून ते चार-आठ आणे दिले, त्यांचं नाव कुठल्या माजी विद्यार्थी संघाच्या यादीत आहे? माझ्या हिशेबानं त्या सगळ्या मिलिंदच्या. त्यांचा हजेरीपट कुणी ठेवला नाही एवढंच.

आणि नुसते आणेच दिले नाहीत. १९७८ ची गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलेली आहे. २७ जुलैला विधिमंडळानं ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव. मग गावोगावच्या वस्त्या पेटल्या. नाव कशाला द्यायचं होतं? विद्यापीठाला. आणि जळलं काय? ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं त्यांची घरं जळली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचा पोचीराम कांबळे. मातंग समाजाचा माणूस. त्याला पदवी घ्यायची नव्हती, नोकरीचा अर्ज करायचा नव्हता. नावासाठी त्याला मारून टाकलं. नाव लागलं १९९४ च्या १४ जानेवारीला. साडेपंधरा वर्षं गेली. त्या साडेपंधरा वर्षांत किती जण तुरुंगात गेले, किती पोरांची वर्षं बुडाली, आणि १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं.

माझा बाप १९७८ ला आठ वर्षांचा होता. आमचं खोपट गेलं त्यात त्याचं दप्तर गेलं. पाटी, एक पुस्तक, आणि आजीनं शिवलेली पिशवी. तो परत शाळेत बसला नाही. मला तो एकदा म्हणाला, "इद्यापीठाच्या नावापायी माझी शाळा गेली. पर नाव लागलं, चांगलं झालं." मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यात कडवटपणा नव्हता रे. मला मात्र आहे.

म्हणून मी म्हणतो, पोचीराम कांबळे त्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे. माझा बाप आहे. फी भरलेली आहे, पावती मिळालेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस शिकलेल्यांना शिव्या द्यायला आलाय. तसं नाही. शिकलेल्या दोस्तानं काय करायचं असतं याचा एक नमुना सांगतो, तो बाबासाहेबांच्याच आयुष्यातला. १९१३ ला सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात गेले. तिथल्या लिव्हिंगस्टन हॉल नावाच्या वसतिगृहात त्यांच्याबरोबर नवल भथेना नावाचा पारशी मुलगा राहायला होता. एका छताखाली राहिले, मैत्री झाली. तेवढंच असतं तर आपण ते विसरून गेलो असतो, हॉस्टेलातल्या मैत्र्या पुष्कळांच्या असतात. पण १९२० ला बाबासाहेबांना अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला परत जायचं होतं, हातात पैसा नव्हता. शाहू महाराजांनी मदत केली, आणि भथेनानं पाच हजार रुपये उसने दिले. १९२० चे पाच हजार! पुढंही अडीनडीला तो उभा राहिला. त्यानं कुठं कमान बांधल्याचं मला ठाऊक नाही. एका खोलीत झोपलेल्या दोस्ताचं शिक्षण अडायला नको, एवढंच त्याला कळत होतं.

त्याच अमेरिकेत कॉलेजच्या पोरांच्या बिरादऱ्या असतात, त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. ग्रीक अक्षरांची नावं, गुप्त विधी, हातात हात घालायच्या खुणा, आणि एकदा आत गेला की मरेपर्यंत भाऊ. पुढं नोकरीला भाऊ, धंद्याला भाऊ, निवडणुकीला भाऊ. ऐकायला छान. पण गोऱ्यांच्या त्या घरात काळ्या पोराला जागा नव्हती. म्हणजे आपल्याकडच्या पंगतीसारखंच, सगळे भाऊ, फक्त बसायचं वेगळं. तेव्हा १९०६ ला कॉर्नेल विद्यापीठात सात काळ्या विद्यार्थ्यांनी आपली बिरादरी काढली, अल्फा फाय अल्फा. मार्टिन ल्यूथर किंग तिचा सदस्य, शाळेतला वर्णभेद कोर्टात मोडून काढणारा वकील थर्गुड मार्शल तिचा सदस्य, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसही. याच डुबॉइसला बाबासाहेबांनी १९४६ ला पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज घेऊन चाललेत असं ऐकलं, त्याच्या प्रती मिळतील का म्हणून. एक शिकलेला अस्पृश्य एका शिकलेल्या काळ्याला लिहितोय, आणि अर्ज कुणासाठी मागतोय? स्वतःच्या बढतीसाठी नाही.

पण मला ती दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. ओकलंडच्या मेरिट कॉलेजात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील शिकत होते. कॉलेजातल्या काळ्या पोरांच्या मंडळात ते होते. चर्चा चालायच्या, ठराव व्हायचे, रस्त्यावर पोलीस माणसं बडवत होते ते चालूच. वैतागून दोघं बाहेर पडले आणि १९६६ च्या ऑक्टोबरात ब्लॅक पँथर पार्टी काढली. पुढं १९६९ ला त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. बंदुकीचे फोटो सगळ्यांना आठवतात, न्याहारी कुणाला आठवत नाही. आपल्याकडं १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, तिचा अड्डा कुठं होता? वडाळ्याला, सिद्धार्थ विहार वसतिगृहात. पीपल्स एज्युकेशनचंच वसतिगृह. माझी गोदी तिथनं फार लांब नाही. त्या वसतिगृहाच्या खोल्यांत कॉलेजची पोरं होती आणि कॉलेज न बघितलेलीही होती. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचा. त्याला कुणी विचारलं नाही, तुझी बॅच कोणती?

आता ज्याच्यासाठी मी हे भाषण कबूल केलं त्या माणसाबद्दल बोलतो. कॉलेजच्या बिरादरीची आयुष्यभर सेवा केलेला माणूस शोधायला बसलो तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आलं, आणि पंचाईत अशी की तो त्या कॉलेजचा विद्यार्थीच नव्हता. गंगाधर पानतावणे. जन्म नागपूरचा, १९३७ चा. शिक्षण नागपूरला. मिलिंदला आले ते मराठीचे मास्तर म्हणून. तुमच्या नियमानं त्यांना माजी विद्यार्थी संघाचं साधं सभासदत्वही मिळणार नाही. तसे मिलिंदचे पहिल्या काळातले प्राचार्य म. भि. चिटणीसही बाहेरचेच, दलितही नव्हते, आणि 'युगयात्रा' नाटक त्यांनी लिहिलं. १९५५ ला मिलिंदच्या पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. बाहेरचा माणूस आत येऊन काय करू शकतो, आणि आतला माणूस बाहेर पडून काय करत नाही, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

तर पानतावणे सर. मिलिंदमध्ये तेव्हा प्राचार्य म. ना. वानखेडे होते. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट केलेले, तिकडच्या काळ्या लेखकांचं लिहिणं वाचून आलेले. ते पोरांना सांगायचे की तुमच्या वाड्यातलं जगणं हे साहित्य आहे. त्या वातावरणात १९६७ ला 'अस्मिता' निघालं, त्याचंच लगेच 'अस्मितादर्श' झालं. त्रैमासिक. पानतावणे संपादक. आणि मग किती वर्षं? पन्नास. अर्धं शतक एका माणसानं एक त्रैमासिक चालवलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मासिकच ना. आपल्या या अंकवाल्यांना विचारा. एक अंक काढायचा म्हणजे काय असतं? वर्गणीदार पैसे पाठवत नाही. प्रेसवाला आधी पैसे माग म्हणतो. कागदाचा भाव वाढतो. कवीचं अक्षर लागत नाही, लावावं लागतं. प्रूफात 'विद्रोह' चा 'विरह' होतो, तो परत विद्रोह करावा लागतो. रॅपर चिकटवायचे, पत्ते घालायचे, तिकिटं लावायची, पोस्टात नेऊन टाकायचे. मग एकजण कार्ड टाकतो, माझी कविता का नाही घेतली, तुम्ही जात्यंध आहात. आमच्या या अंकाचे आठ निघाले आणि तीन संपादक बदलले. पन्नास वर्षं! माणूस मास्तर होता, पुढं विद्यापीठात गेला, पुस्तकं लिहिली, 'विद्रोहाचे पाणी पेटले आहे', 'मूल्यवेध', बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर ते मोठं पुस्तक. ते सगळं एका बाजूला. पण मला विचाराल तर त्यांचं खरं पुस्तक ते त्रैमासिक. ते त्यांनी दुसऱ्यांच्या हातून लिहून घेतलं.

कुणाच्या? तिथं माझा मुद्दा आहे. कारकुनाच्या, शिपायाच्या, रेल्वेतल्या माणसाच्या, खेड्यातल्या शाळामास्तरच्या. तोवरच्या मासिकांत असल्यांची पाकिटं साभार परत यायची. आणि हे लोक नुसते छापून आले नाहीत, अस्मितादर्शचे मेळावे भरायचे तिथं एकमेकांना भेटायचे. आज या गावात, पुढं त्या गावात. ज्यानं पहिल्यांदा लिहिलंय आणि ज्यानं दहा पुस्तकं लिहिलीत ते एका मांडवात. लिहिणारा आणि वाचणारा शेजारी. ही खरी बिरादरी. कॉलेजच्या चार भिंतींत जे सुरू झालं ते त्यांनी भिंतीबाहेर काढून गावोगाव नेलं.

हे मला कसं कळलं? भायखळ्याला एका रद्दीवाल्याकडं अस्मितादर्शचा एक जुना अंक मिळाला. मुखपृष्ठ गेलेलं. मी तेव्हा कविता लिहायचो आणि लपवायचो, टोळीतली पोरं हसतील म्हणून. त्या अंकातनं मला एवढंच कळलं की आपल्यासारखीच माणसं हे करतात, पोट भरायला काहीतरी दुसरं करून. पावसाळ्यात काम बंद होतं त्या आठवड्यात मी तो अंक चार वेळा वाचला. म्हणजे मी कॉलेजात गेलो नाही, पण कॉलेजातनं निघालेली एक गोष्ट चालत चालत रद्दीच्या गाड्यावरनं माझ्यापर्यंत आली.

त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. त्यांची समीक्षा मला कधी कधी फार गोडबोली वाटते. जिथं दात ओठ खायचे तिथं ते समजुतीनं घेतात. २००९ ला अमेरिकेत सॅन होजेला विश्व मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. त्या मांडवात आपलं काय काम होतं असं मला अजून वाटतं. २०१८ ला पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला औरंगाबादला ते गेले. शहराचं नावही आता कागदावर बदललंय. पण एक सांगतो, मी त्यांच्यावर असा तोंड वर करून बोलू शकतो, ही सुद्धा त्यांनीच केलेली सोय आहे.

आणि खराखुरा माजी विद्यार्थी हवाच असेल तर सुखदेव थोरात घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातनं आलेले, मिलिंदमधून बी.ए. झाले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. एवढ्यावर कुणीही थांबला असता. सत्कार, शाल, श्रीफळ. पण दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना त्रास होतोय अशी ओरड झाली तेव्हा चौकशी समितीचे ते प्रमुख होते. २००७ ला अहवाल दिला. देशातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरी कॉलेजात आपली पोरं हॉस्टेलच्या ठराविक मजल्यांवर ढकलली जातात, खेळात, जेवणात, परीक्षेत बाजूला पडतात, हे त्यात लिहिलं. वसतिगृहात आपला गावकूस बांधलाय हे सरकारी कागदावर आणलं. त्या मजल्यावरच्या पोरांना हा माणूस ओळखत नव्हता. त्यांचं कॉलेजही एक नव्हतं. १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जे दुःख बोलून दाखवलं ते तुम्हां सगळ्यांना पाठ आहे, दर जयंतीला आपण ते एकमेकांना ऐकवतो. निदान एक-दोघांनी तरी ते मनावर घेतलेलं दिसतं.

आता इथलं.

तुमच्या मेळाव्याचा जमाखर्च मी मघाशी वाचला. स्मरणिका, रंगीत. जेवण. मानचिन्हं. आणि ज्याच्या त्याच्या कॉलेजला कमान नाहीतर पाण्याची टाकी, आणि त्यावर देणाऱ्यांची नावं. टाकीला माझी हरकत नाही, टाकीतनं पोरं पाणी पितात. कमानीतनं काय पितात?

या मांडवापासनं चालत पंधरा मिनिटांवर माझा एक दोस्त झोपलाय. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्याचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. तो ठेकेदाराकडनं भट्टीवर आहे. भंगारात कुठंतरी पाणी राहिलं होतं, भट्टीत टाकल्याबरोबर उसळलं. डावा हात कोपरापर्यंत आणि मांडी. गिरणीचं नाव मी घेत नाही, तुमच्यापैकी कुणालाच ते विचारायची गरज नाही. ठेकेदार म्हणतो, तो माझ्या हजेरीवर नव्हताच. गिरणी म्हणते, ठेकेदाराला विचारा. ईएसआयचं कार्ड निघालेलं नाही. पगारातनं मात्र पैसे कापले जात होते, त्याच्याकडं चिठ्ठ्या आहेत, बायकोनं डब्यात जपून ठेवल्यात.

मी दहावी पास माणूस, पण गोदीत राहून एवढा कायदा मला कळलाय की ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरायची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. कार्ड निघालं नाही म्हणजे हक्क गेला असं होत नाही. पण त्यासाठी आधी अपघाताची नोंद लागते. ती नोंद कोण करतो? टाइम ऑफिस. गेटावरचं रजिस्टर कुणाच्या ताब्यात असतं? सेफ्टीचा माणूस कोण? या मांडवात टाइम ऑफिसातले तिघं बसलेत, एक सेफ्टी ऑफिसर आहे, एकजण वकिली करतो, आणि दोघं तर सरकारी कचेरीतच आहेत. जयंतीला तुम्ही सगळ्यात पुढं असता. अपघात झाला त्या दिवसानंतर तुमच्यापैकी त्याच्या घरी एकजण गेला. तोही रात्री, कुणी बघणार नाही असा. मी त्याला दोष देत नाही. नोकरी सगळ्यांना आहे, हप्ते सगळ्यांना आहेत. पोरं इंग्रजी शाळेत आहेत. मला भीती कळते. मुकादमाचं बोट मीही रोज बघतो.

पण मग बिरादरी हा शब्द पत्रिकेवर छापू नका. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बाबासाहेब बोलले होते, की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंचांकडनं घेतलेली नाही, माझ्या गुरूकडनं, बुद्धाकडनं घेतली. त्यातली बंधुता ही सगळ्यात अवघड. बाकी दोन कायद्यानं थोड्याफार मिळतात. ही तिसरी दुसऱ्याच्या दारात जावं लागतं तेव्हा मिळते.

मी कमान रद्द करा म्हणत नाही. तुमचा पैसा आहे. मला पैसा नको, त्यालाही पैसा फार लागेल असं नाही. त्याला तीन कागद पाहिजेत. त्या दिवशीच्या हजेरीची नक्कल, गेट रजिस्टरच्या पानाची नक्कल, आणि अपघात झाला असं लिहिलेला एक अर्ज, ज्यावर बघणाऱ्या दोघांच्या सह्या असतील. बघणारे दोघं आहेत, मी त्यांना भेटलो. ते सही करायला तयार आहेत, एकाच अटीवर. शिकलेल्यांपैकी कुणीतरी आधी करावी.

त्यांना मी 'बघतो' म्हणून आलोय.

तारीख, पाळी, भट्टीचा नंबर हे सगळं मी या कागदावर लिहून आणलंय. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. दुसरी पाळी सुटायला अजून वेळ आहे आणि माझी परतीची गाडी रात्रीची आहे. कागद इथं टेबलावर ठेवतो, हारांच्या शेजारी.

पेन कुणाकडं आहे?